घाव कुठे गेला?

चाप ओढला जातो, आतून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि बाकी काहीच होत नाही. रायफल चालवणाऱ्याला धडाक्यापेक्षा हा ‘टक्’ जास्त दचकवतो, कारण कान आणि खांदा दोघंही भलत्याच गोष्टीसाठी सज्ज होऊन बसलेले असतात. मग पुढचं सगळं ठरलेलं. बोल्ट उघडायचा, काडतूस हातात घेऊन उलटसुलट बघायचं, प्राइमर बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने दोन शब्द उच्चारायचे आणि पुढचं काडतूस भरायचं. दुकानातून आणलेल्या काडतुसाच्या बाबतीत हे एकवेळ चालून जाईल. पण काडतूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर भरलेलं असेल, तर दोष देण्याआधी थोडं थांबावं. हे पुस्तक त्या थांबण्याबद्दल आहे.

पुस्तकाचं म्हणणं एका ओळीत सांगता येतं. प्राइमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, पावडर पेटवणारी इवलीशी टोपी. ती पेटायला एक घाव लागतो, जोरदार, सरळ आणि एका झटक्यात बसलेला. तो घाव फायरिंग पिनच्या स्प्रिंगमध्ये बेताचाच साठवलेला असतो, उधळायला त्यात फारसं काही नसतं. वाटेत तो दुसऱ्याच कामी खर्च झाला, तर प्राइमरपर्यंत उरलासुरला पोचतो आणि काडतूस मुकं राहतं. म्हणून ‘प्राइमर खराब होता का?’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न हा की घाव गेला कुठे?

आधी या छंदाचा मुलूख सांगायला हवा, कारण भारतातल्या वाचकाला तो परका आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. घरी प्रेस मांडून काडतुसं भरणं हा इथे छंद नाही, गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात, सायकली आणि गवत कापायचं यंत्र यांच्या मधे, असं टेबल दिसणं अगदी साधी गोष्ट. हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की ही टेबलं जागी होतात. काहींना पैसे वाचवायचे असतात, काहींना आपल्या रायफलला नेमकं रुचेल असं काडतूस जुळवायचं असतं, आणि पुष्कळांना थंडीच्या संध्याकाळी हाताला एखादं बारीक काम हवं असतं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी ज्यांना नेमबाजीची गोडी लागली आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक मुख्यतः आहे. इकडच्या वाचकाने ते एखाद्या यंत्राच्या नाडीपरीक्षेसारखं वाचावं. फिटर, टर्नर किंवा क्वालिटी विभागात आयुष्य काढलेल्याला तर त्यात ओळखीचं बरंच सापडेल.

हा छंद अमेरिकेतच इतका का फोफावला, यामागे एक तांत्रिक योगायोग आहे. 1866 साली दोन माणसांनी दोन तऱ्हेच्या प्राइमरची पेटंटं घेतली. एक हायरम बर्डन, हा अमेरिकन, यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचा प्रमुख. दुसरा एडवर्ड बॉक्सर, इंग्रज लष्करी अधिकारी, वुलिचच्या प्रयोगशाळेचा अधीक्षक. बर्डनच्या रचनेत ऐरण, म्हणजे जिच्यावर प्राइमरचं मिश्रण चिरडलं जातं ती, पितळी पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि तिच्या बाजूंना ज्वाला आत जायला दोन बारीक भोकं असतात. बॉक्सरची ऐरण प्राइमरमध्येच बसवलेली, आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. पुढे उलटंच झालं. अमेरिकनाची रचना युरोपने उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेने. मधल्या त्या एका भोकातून पिन घालून वापरलेला प्राइमर सहज बाहेर ढकलता येतो, म्हणजे पुंगळी पुन्हा वापरण्याची निम्मी अडचण तिथेच संपली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी लष्कराची शिल्लक पावडर विकत घेऊन लोकांना विकायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांची आरसीबीएस 1943 पासून होतीच, आणि 1951 मध्ये आयडाहोतल्या लुइस्टनला सीसीआय निघाली, ती आज प्राइमरसाठीही ओळखली जाते. बाकीचा इतिहास ज्याला हवा त्याने अन्यत्र वाचावा. आपल्याला इतकंच लक्षात ठेवायचं आहे की कारखान्यात यंत्रं आणि तपासनीस जे काम वाटून घेतात, ते सगळं इथे एकच माणूस, बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणानंतर, करत असतो.

प्राइमरच्या आत काय असतं ते एकदा जवळून बघू. लार्ज रायफल जातीचा प्राइमर व्यासाला 0.210 इंच, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. बोटाच्या टोकावर ठेवला तर मसुराच्या दाण्याएवढा. बाहेर पितळेची पातळ वाटी. वाटीच्या तळाशी स्फोटक मिश्रणाचा वाळलेला पापुद्रा. त्याच्यावर दोन किंवा तीन पायांची इवलीशी ऐरण, तिचं टोक पापुद्र्यावर टेकलेलं आणि पाय वाटीच्या काठापेक्षा किंचित बाहेर आलेले. हे बाहेर आलेले पाय विसरू नका, पुढे सगळं त्यांच्यावरच येणार आहे. प्राइमर पुंगळीच्या बुडातल्या खळगीत बसवताना हे पाय खळगीच्या तळाला टेकतात आणि थोडे आत दाबले जातात. त्यामुळे ऐरण पापुद्र्याला घट्ट भिडते. मग बाहेरून पिन आदळली की वाटी आत चेपते, पापुद्रा वाटी आणि ऐरण यांच्यामधे चिरडला जातो आणि पेटतो. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवलेल्या कुणालाही हे कळेल. टिकली घोड्याखाली सपाट बसलेली नसेल तर कितीही चाप दाबा, फुस्स.

ही घाव खाऊन पेटणारी रसायनं मुळात एका पाद्र्याच्या शिकारीच्या वेडातून बंदुकीपर्यंत आली. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचा अलेक्झांडर जॉन फोर्साइथ पक्षी मारायला जायचा. चकमकीच्या बंदुकीत रंजक पेटून बार होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात ठिणगी बघून पक्षी उडून जात. त्याने फुल्मिनेट वापरून घावावर चालणारी कळ केली आणि 1807 साली पेटंट घेतलं. पुढे तांब्याची टोपी आली. 1857 च्या काडतुसांची चरबी सगळ्यांना पाठ आहे, पण त्या एनफील्ड रायफलीही टोपीच्याच होत्या हे सहसा कुणी सांगत नाही. पुण्याच्या खडकीतला दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा, म्हणजे या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे.

फुल्मिनेटमधला पारा पितळ ठिसूळ करायचा, म्हणून पुंगळी पुन्हा वापरण्यात अर्थ नव्हता. नंतर क्लोरेटची मिश्रणं आली, त्यांनी नळीत क्षार सोडून गंज चढवला. 1927 मध्ये रेमिंग्टनने क्लीनबोर नावाने न गंजवणारे प्राइमर बाजारात आणले. आज बहुतेक प्राइमरमध्ये लेड स्टिफ्नेट असतं, पुंगळी आणि नळी दोन्ही सांभाळणारं. सांगायचा मुद्दा असा की आजचा प्राइमर ही अतिशय भरवशाची वस्तू आहे. प्रत्येक लॉटमधले नमुने ठरावीक वजन वेगवेगळ्या उंचीवरून टाकून तपासले जातात. किती उंचीवरून सगळे पेटतात आणि किती उंचीखाली एकही पेटत नाही, हे बघितलं जातं. म्हणून डब्यातले दोनतीन प्राइमर ओळीने मुके राहिले, तर संशयाचा काटा डब्याकडे नव्हे, टेबलाकडे वळावा.

टेबलावरचा पहिला संशयित म्हणजे उंच राहिलेला प्राइमर, आणि बहुतेक वेळा तोच शेवटचाही ठरतो. खळगीत जुनी काजळी आहे, किंवा लष्करी पुंगळीची क्रिंप (प्राइमर पक्का राहावा म्हणून दाबलेली खळगीची कड) नीट काढलेली नाही, किंवा दिवसभर दमलेल्या हाताने प्राइमर बसवायचा दांडा पुरता दाबलेलाच नाही. कारण काहीही असो, ऐरणीचे पाय तळाला पोचत नाहीत. आता पिन आदळते तेव्हा तिच्या घावाचा मोठा वाटा प्राइमरला खाली सरकवण्यातच जातो. पापुद्रा चिरडायला जोर उरत नाही. तेच काडतूस पुन्हा कॉक करून चालवलं तर धाडकन उडतं, कारण पहिल्या घावाने प्राइमर बसवण्याचं काम करून टाकलेलं असतं. दुसऱ्यांदा उडाला म्हणून लोक हुश्श करतात आणि प्रश्न मिटला असं समजतात. प्रश्न मिटलेला नसतो, उत्तर मिळालेलं असतं. दुसऱ्या घावाला उडालेलं काडतूस ओरडून सांगत असतं की मला नीट बसवलं नव्हतं.

बरोबर बसलेला प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा साधारण 3 ते 5 हजारांश इंच खाली असतो. हे मोजायला फार यातायात लागत नाही. पुंगळी सपाट काचेवर उभी करा, डुगडुगली तर प्राइमर वर आहे. त्याहून सोपं म्हणजे भरलेल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोटाचं पेर फिरवायचं. चांगल्या हाताला एक हजारांश कळत नसला तरी वर आणि खाली यातला फरक नक्की कळतो. ज्या टेबलावर ही बोट फिरवण्याची सवय आहे, तिथलं या पुस्तकातलं निम्मं दुखणं नाहीसं होईल असं माझं मत आहे.

याच दोषाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि मिसफायरच्या गप्पांत तिचा विसर पडतो. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये उंच प्राइमर मुका राहतो. गॅरँड किंवा एआर-15 सारख्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते आणि काडतूस आत जाताना ती प्राइमरला हलकेच टोचते. तिथे उंच आणि त्यात मऊ वाटीचा प्राइमर असला, तर चाप न ओढताच बार होऊ शकतो. म्हणूनच स्मॉल रायफल प्राइमरमध्ये काहींची वाटी 20 हजारांश इंच जाडीची, तर काहींची 25. मिसफायर होतात म्हणून जाड वाटी सोडून पातळ वाटीवर येण्याचा सल्ला जो तो देतो. हा सल्ला देणाऱ्याने आधी कुठली रायफल आहे ते विचारलं का, तेवढं बघा. नसेल विचारलं तर सल्ला सोडून द्या.

दुसरा संशयित टेबलावर दिसत नाही, तो चेंबरमध्ये लपलेला असतो. त्याला हेडस्पेस म्हणतात. .30-06 किंवा .308 सारख्या काडतुसाची पुंगळी आत किती जायची, हे तिचा उतरता खांदा ठरवतो. खांदा चेंबरच्या खांद्याला टेकला की ती थांबते, आणि मागे बोल्टने तिला धरून ठेवलेलं असतं. आता घरी भरताना एक चूक सर्रास होते. पुंगळीला पुन्हा मापात आणणारा फुल-लेंग्थ डाय प्रेसमध्ये इतका खाली फिरवतात की तो पुंगळी धरणाऱ्या शेल-होल्डरवर जाऊन घट्ट आदळतो. सूचनापत्रकातच तसं लिहिलेलं असतं, म्हणून दोषही देता येत नाही. पण काही रायफलींच्या चेंबरला ते जास्त होतं. खांदा काही हजारांश मागे जातो आणि पुंगळी चेंबरमध्ये पुढेमागे हलायला मोकळी होते. पिन आदळली की आधी सगळं काडतूसच पुढे सरकतं, घाव त्या सरकण्यात जातो, आणि प्राइमरवर उथळ खड्डा पडून काम थांबतं. खुंटी ठोकताना भिंतच मागे हटली तर जे होईल, तसं.

हे अंतर किती बारीक असतं बघा. .308 साठी चेंबर तपासणारा ‘गो’ गेज 1.630 इंचाचा आणि ‘नो-गो’ 1.634 चा. मधला फरक 4 हजारांश, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. डाय अर्धा फेरा जास्त फिरला की एवढा फरक कधीच ओलांडला जातो. गंमत म्हणजे माउझर घराण्यातल्या रायफलींत, जिथे लांब एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कड घट्ट पकडून ठेवतो, तोच दोष झाकलेला राहू शकतो. काडतूस उडतं, आणि मालक खुशीत असतो. पण अशाने पुंगळी प्रत्येक वेळी ताणली जाते आणि पुढेमागे बुडाजवळ चीर जाते. मिसफायर हा इथे उपकार म्हणायचा, कारण तो लवकर बोलतो. आपल्याकडची जुनी थ्री नॉट थ्री या बाबतीत वेगळी. तिची पुंगळी कडेवर टेकते, खांद्यावर नाही, म्हणून खांदा मागे गेल्याने तिचा बार बंद पडत नाही. .303 वरचा अनुभव .30-06 ला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

रायफलीचा दोष नसतोच असं नाही. स्प्रिंग थकते. बोल्टच्या आत वर्षानुवर्षं चढवलेलं ग्रीस मिनेसोटा-मोंटानाच्या नोव्हेंबरात थिजतं आणि पिन मधासारख्या चिकट गाळातून धावते. शिकाऱ्याला वाटतं थंडीने पावडर बिघडली. पिन तुटकी किंवा आखूड असली तर खड्डा उथळ पडतो, पण मग दुकानातलं काडतूसही त्याच रायफलीत अधूनमधून मुकं राहायला हवं. ही कसोटी सर्वांत स्वस्त आहे, आणि लोक ती सर्वांत शेवटी करतात.

तेलाचा बभ्रा मात्र फार आहे. कुणाचंही काडतूस उडालं नाही की ‘प्राइमरला तेल लागलं असेल’ हे ठरलेलं वाक्य. भेदक तेलांनी प्राइमर मरू शकतो हे खरं, आणि बंदूक साफ करायचं तेल प्राइमरच्या ट्रेजवळ ठेवू नये हेही खरं. पण बोटाला लागलेल्या किंचित तेलाने लॉटच्या लॉट निकामी होत नाही. मी या कारणाला यादीत फार खाली ठेवतो. अक्रोडाच्या भुशात घासलेल्या पुंगळीच्या भोकात भुशाचा कण अडकणं, किंवा चुकून पिस्तुलाचा प्राइमर रायफलीच्या पुंगळीत जाणं (व्यास तोच, उंची कमी), या दोन गोष्टी त्याहून जास्त वेळा खऱ्या निघतात. 2020 नंतर अमेरिकेत प्राइमरची भीषण टंचाई झाली, तेव्हा लोकांनी मिळेल तो डबा उचलला. वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या उंचीचे प्राइमर एकाच टेबलावर आले. तेव्हाच्या डब्यांवर लेबल नसेल तर त्यातून तपासणी सुरू करू नका, निष्कर्ष काहीही निघेल.

पुस्तकात पुढे ही तपासणी सविस्तर आहे. तिचा गाभा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीच काडतुसं दुसऱ्या रायफलीत, दुकानातली काडतुसं याच रायफलीत, मग प्राइमर तोच ठेवून डाय किंचित वर. आपल्याकडे पूर्वी गाडी बंद पडली की मेकॅनिक प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं एकदम बदलायचा आणि गाडी सुरू व्हायची, पण कशामुळे ते त्यालाही कळायचं नाही. काडतुसाच्या बाबतीत ही चैन परवडत नाही, कारण हाच दोष पुढच्या हंगामात वेगळ्या रूपात परत येतो.

छोट्या रायफलीबद्दल एक शब्द, कारण महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की तीच आठवते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, ते .22 रिमफायरवर. तिच्या काडतुसात वेगळा प्राइमर नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेतच पसरवलेलं असतं. म्हणून ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही, आणि तिचा मिसफायर बहुधा कडेच्या त्या जागी मिश्रण पोचलं नसल्यामुळे होतो. या पुस्तकातली डाय-प्रेसची प्रकरणं त्या नेमबाजांच्या उपयोगाची नाहीत. पिन आणि स्प्रिंगवरची मात्र आहेत.

आता सुरक्षिततेचं. प्रस्तावनेत ते शेवटी आलं असलं तरी वाचताना आधी वाचा. ‘टक्’ झालं की रायफल लक्ष्याकडेच रोखून किमान 30 सेकंद थांबायचं. काही रेंजवर यापेक्षा जास्त वेळ सांगतात, तिथे तेवढा. प्राइमर पेटून पावडर उशिरा पेट घेऊ शकते, आणि उघडलेल्या बोल्टमधे पुंगळी फुटणं परवडणारं नाही. आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला, खांद्याला धक्काच बसला नाही, तर तो मिसफायर नव्हे. पावडर नसताना किंवा कमी असताना नुसत्या प्राइमरने गोळी नळीत अडकवलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचं काडतूस घालायचं नाही. इथे दुसऱ्यांदा चाप ओढून बघू, हा विचार जिवावर बेततो.

आणि न उडालेली काडतुसं कचऱ्यात टाकू नका. वेगळ्या डबीत ठेवा, वर तारीख, रायफल, प्राइमरचा लॉट आणि पहिल्या घावाला की दुसऱ्याला, एवढं लिहा. प्राइमर जिवंत आहे असंच धरून चाला, हातोडीने ठोकून बाहेर काढायला जाऊ नका. त्या डबीतले खड्डे भिंगाखाली ओळीने बघितल्यावर या पुस्तकातलं कुठलं प्रकरण आधी उघडायचं, ते तुम्हाला लगेच समजेल.